बलक दोन, अक्कल निम्मी

माटुंग्यात अंडं विकत घेणं सोपं आहे; ते घरापर्यंत नेणं कठीण. किंग्ज सर्कल ते माटुंगा स्टेशन हा सगळा पट्टा इडली, फिल्टर कॉफी, केळीची पानं आणि मोगऱ्याचे गजरे यांच्या ताब्यात आहे. रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगात १९४२ सालापासून पानावर भात पडतोय, आणि त्यावर सांबाराऐवजी अंडाकरी ओतावी असा विचार आजवर कुणाच्या मनाला शिवला नसावा. अंड्याची बाजू घेऊन उघडपणे उभं असलेलं ठिकाण म्हणजे सर्कलवरचं १९३२ सालचं इराणी हॉटेल, कूलर अँड कंपनी. तिथलं ‘रेसलर ऑम्लेट’ नावाप्रमाणेच पैलवानी असतं. पण ते तिथे बसून खायचं. त्याचं पार्सल घेऊन आमच्या इमारतीत शिरायची छाती खऱ्या पैलवानालाही होणार नाही.

आमच्या इमारतीत तमिळ, कच्छी आणि गुजराती कुटुंबं, आणि त्यांच्यामध्ये आम्ही. अंडं आणू नये असा नियम सोसायटीच्या कुठल्याही कागदावर नाही. असता तर मोडता तरी आला असता. नसल्यामुळे तो पाळावाच लागतो. म्हणून आमच्याकडे अंडी मेथीच्या जुडीखालून येतात. ती पिशवी घेऊन मी इतक्या जपून जिना चढतो की खालच्या मजल्यावरच्या कच्छी काकांनी एकदा हळहळून माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि चोळायला तेलही सुचवलं. ऑम्लेट करताना खिडकी बंद, पंखा चालू आणि देवापुढे चंदनाची अगरबत्ती. टरफलं चुरून गुलाबाच्या कुंडीत. आमच्यासारखा गुलाब इमारतीत कुणाचा नाही. गुपित विचारलं तर मी ‘सेंद्रिय खत’ एवढंच सांगतो.

अशा या भूमिगत घरात एप्रिलमधल्या एका रविवारी मी अंडं फोडलं आणि वाटीत दोन बलक पडले. शेजारी शेजारी, एकमेकांना टेकून, ग्रूप फोटोला बसल्यासारखे. दुसरं फोडलं, त्यातही दोन. बायकोला हाक मारली. तिने वाटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “मग दोनच अंड्यांत भागलं की. बाकीची ठेवा फ्रीजमध्ये.” पण संशोधनाला असं काटकसरीने थांबता येत नाही. तिसरं फोडलं, दोन. चौथं फोडलं, दोन.

इथे माझी पार्श्वभूमी सांगायला हवी, कारण पुढचा सगळा अनर्थ तिच्यातूनच झाला. मी रुईयात संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि उभी नोकरी एका विमा कंपनीत, आगीच्या विम्याच्या खात्यात काढली. कुठल्या गोदामाला आग लागण्याची शक्यता किती, हे कागदावर मांडून त्याखाली सही करायची, हा माझा व्यवसाय. निवृत्तीनंतर शक्यता मोजण्यासारखं काही घडेना. पाणी येण्याची वेळ आणि बायको चिडण्याची वेळ या दोन्ही गोष्टी ठरलेल्या. त्यामुळे वाटीतले ते आठ बलक पाहून माझ्यातला कारकून खडबडून जागा झाला.

दोन बलकांचं अंडं साधारण हजारात एक निघतं असं म्हणतात. मग लागोपाठ दोन निघण्याची शक्यता हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एक. तीन निघण्याची शंभर कोटींत एक. चार निघण्याची एक लाख कोटींत एक. वर्तमानपत्राच्या कडेला मी शून्यं मांडली, पुन्हा मोजली. पृथ्वीवर माणसं सुमारे ८०० कोटी. म्हणजे आपल्या पृथ्वीसारख्या सव्वाशे पृथ्व्या घेतल्या आणि त्यांवरच्या प्रत्येक माणसाने एका रविवारी चार-चार अंडी फोडली, तर त्यांतल्या एकालाच हा योग यावा. आणि तो एक माटुंग्यात, बनियनवर, हातात काटा-चमचा घेऊन उभा होता.

हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “त्या सव्वाशे पृथ्व्यांवर गॅस बारीक करणारं कुणी नाही का? तवा जळतोय.”

भाग्य उजळलं की माणसाला ते सांगायला चारचौघं लागतात. माझी चारचौघं शाकाहारी. जिन्यात कच्छी काका भेटले तेव्हा जिभेच्या टोकावर आलेली बातमी मी गिळली आणि गुडघे बरे आहेत असं सांगितलं. मग फोनकडे वळलो. गिरगावात राहणाऱ्या आत्याला प्रथम कळवलं. तिने गणित ऐकूनच घेतलं नाही. “जुळं केळं खाऊ नये, तसंच हे. सुनेला देऊ नकोस हो, जुळी होतील!” एवढं बजावून तिने फोन ठेवला. सून पुण्यात असते. तिला हा निरोप दिला तर ती म्हणाली, “बाबा, मी दूधसुद्धा सोडलंय.” म्हणजे तो धोका टळला. मग स्टेशनजवळ जाऊन महाराष्ट्र राज्य लॉटरीचं तिकीट घेतलं. ही लॉटरी १९६९ सालापासून चालू आहे आणि एवढ्या काळात मी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. लॉटरी म्हणजे गणित न येणाऱ्यांवर लावलेला कर, असं मीच ऑफिसात सांगत असे. आता मात्र एक लाख कोटींत एक असलेल्या माणसासाठी काही लाखांत एक म्हणजे हातचा मळ. निकाल लागला आणि मळ हातावरच राहिला.

शेवटचा फोन लालबागच्या मेहुण्याला केला. हा माझ्याहून लहान आणि संख्याशास्त्राबद्दल त्याचा आदर त्याहून लहान.

“भावोजी, फोटो पाठवा,” तो म्हणाला.

पाठवला.

“हल्ली फोटोत आठाचे ऐंशी बलक करून मिळतात. डोळ्यांदेखत फोडून दाखवा, मग मानतो.”

पैज लागली. सलग दोन अंड्यांत दोन-दोन बलक दाखवले तर आमचा वर्षाचा मसाला तो देणार, लालबागच्या गल्लीतून स्वतः निवडून आणलेल्या मिरच्या डंकावर समोर उभं राहून कुटून घेतलेला. नाही दाखवले तर मी त्याला हापूसची पेटी द्यायची. रविवारी तो सहकुटुंब येणार होता. बायकोने पैजेतला फक्त ‘सहकुटुंब’ हा शब्द ऐकला आणि माझ्याकडे असं पाहिलं की त्या नजरेचा विमा कुठलीही कंपनी उतरवणार नाही.

मूळ डझनातली अंडी तोवर आमच्या पोटात गेली होती. त्यांतल्याही बऱ्याचशा अंड्यांत दोन बलक निघाले होते, पण त्याची एकमेव साक्षीदार बायको, आणि तिने साक्ष द्यायला साफ नकार दिला. तेव्हा मी पुन्हा त्याच अंडेवाल्याकडे गेलो.

“सगळ्यात मोठी निवडून दे,” मी म्हणालो.

“ये पुरानी मुर्गी का है, साब. बड़ा ही आता है.”

या वाक्यातलं ‘बड़ा’ एवढंच मी ऐकलं. मागच्या खेपेला त्याने “नई मुर्गी का माल है” असं सांगितलं होतं, तेव्हा मी ‘माल’ एवढंच ऐकलं होतं. विम्यात दाव्याची सगळी उत्तरं अर्जातच लिहिलेली असतात, वाचणारा हवा. ते मी लोकांना शिकवत आलो.

घरी येऊन एकेक अंडं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. आपल्याकडे साधारण अंडं पन्नास-पंचावन्न ग्रॅमचं असतं, ही ७० ग्रॅमला टेकलेली. माझा ऊर भरून आला. तरी खात्री करावी म्हणून शनिवारी रात्री दिवे मालवून अंड्यामागे मोबाइलचा टॉर्च धरला. पोल्ट्रीवाले अंडी अशीच उजेडासमोर धरून तपासतात. पूर्वी त्यासाठी मेणबत्ती वापरत, हे मी वाचलं होतं. अंड्यात आधी एक सावली दिसली. अंडं थोडं फिरवलं, ती सावली सरकली. पुन्हा फिरवलं, आता ती दुसरीकडे. मी दोन्ही सावल्या मोजल्या आणि अंड्यावर पेन्सिलीने बरोबरची खूण केली. अशा रीतीने सगळीच्या सगळी अंडी पास झाली. शाळेत इतका उदार परीक्षक मला कधी भेटला नाही.

एवढ्यात चौकापलीकडच्या खिडकीतून आवाज आला, “काय हो, लाइट गेली का तुमची?”

शेजारच्या मामी. मूळच्या तमिळनाडूच्या, पण लग्न होऊन माटुंग्यात आल्या त्याला इतका काळ लोटला की आता त्या भाजीवाल्याशी माझ्याहून चांगल्या मराठीत भांडतात.

“नाही मामी, फ्यूज बघतोय.”

“फ्यूज हातात धरून बघता?” असं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

रविवार उजाडला. मेहुणा, त्याची बायको, दोन मुलं. मी टेबलावर काचेचं मोठं भांडं ठेवलं, सव्वाशे पृथ्व्यांचं गणित थोडक्यात, म्हणजे पोहे संपेपर्यंत, सांगितलं आणि पहिलं अंडं फोडलं.

एक बलक. मोठा, गोल, एकटा.

“वॉर्म-अप,” मी म्हणालो. दुसरं फोडलं, एक. तिसरं, एक. पेन्सिलीची खूण असलेलं टरफल मी उलटसुलट करून पाहिलं. मेहुण्याचा धाकटा मोठ्याने मोजू लागला. आता खरं तर पैज हरलीच होती, पण जुगाऱ्याचा हात आणि संख्याशास्त्रज्ञाची छाती दोन्ही एकदमच फुगतात. इतकी एकेरी निघाली म्हणजे आता दुहेरी निघायलाच हवं, असं मी चक्क बोलून दाखवलं. हे विधान परीक्षेत लिहिलं असतं तर रुईयातल्या माझ्या सरांनी मला वर्गाबाहेर काढलं असतं. अंड्याला मागच्या अंड्याचं काहीही माहीत नसतं. शेवटचं फोडून झालं तेव्हा भांड्यात डझनभर बलक तरंगत होते, बारा म्हणजे अगदी बाराच, आणि मेहुण्याची बायको माझ्या बायकोला विचारत होती, “वन्सं, एवढ्या अंड्यांचं काय करायचं?”

भुर्जी करायची, दुसरं काय. डझनभर अंड्यांची भुर्जी जेव्हा लालबागच्या मसाल्यात पडते तेव्हा खिडकी बंद असल्याने काही फरक पडत नाही. मी अगरबत्तीचा आख्खा पुडा पेटवला. घरात आता चंदनाच्या जंगलात मसाल्याच्या गोदामाला आग लागल्यासारखा वास सुटला. त्यात धाकट्याने गॅलरीत जाऊन अंड्याच्या त्या जुन्या जाहिरातीचं गाणं गळा काढून म्हणायला सुरुवात केली. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ साली स्थापन झाली, तेव्हापासून तिने देशाला रोज अंडं खायला सांगण्याचा चंग बांधलाय, हे ठीक. पण आमच्या गॅलरीतून सांगायची काय गरज होती?

दारावरची बेल वाजली. मामी.

मी दार अर्धवट उघडून त्यात उभा राहिलो. “मामी, आज जरा पूजा...”

“अंडी ना?” मामी म्हणाल्या. “लपवता कशाला? दर रविवारी तुमच्याकडे अगरबत्ती लागते तेव्हा सगळ्या इमारतीला कळतं. शंकर मठातसुद्धा एवढा धूर होत नाही. आज जास्त झाला म्हणून बघायला आले, खरंच आग नाही ना लागली?”

मागून मेहुण्याने पैजेची सगळी हकिगत उत्साहाने सांगून टाकली. मामी उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत, पण हललाही नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “आधीची अंडी नव्या कोंबडीची होती का?”

मला तो अंडेवाला आठवला. मी हो म्हणालो.

“मग त्यात एवढं काय?” मामी म्हणाल्या. “माझं माहेर नामक्कल.”

नामक्कल हे नाव अंड्याच्या व्यापारात कोण ओळखत नाही? देशातलं अंड्यांचं सगळ्यात मोठं आगर ते. मामींच्या घरात अंडं कधी शिरलं नाही, पण गावात जावं तिकडे कोंबड्या आणि रस्त्यावर अंड्यांचे ट्रक. त्यातून मामींनी नोकरीभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं. तेव्हा उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी जो पाठ घेतला तो असा.

कोंबडीला काम करणारं अंडाशय एकच, डाव्या बाजूचं. त्यात बलक एकामागून एक पिकत जातात. पिकलेला बलक सुटतो आणि बीजनलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात पडतो. पुढे त्याच्याभोवती पांढरं जमतं, मग पापुद्रा, आणि शेवटी कवच. त्या कवचालाच वीसेक तास लागतात. सगळं मिळून एका अंड्याला २४ ते २६ तास. पण जी कोंबडी नुकतीच अंडी देऊ लागते, वय साधारण १८ ते २० आठवडे, म्हणजे तलंग, तिच्या शरीराला हा ठेका अजून सापडलेला नसतो. कधी दोन बलक पाठोपाठ सुटतात, दोघं एकाच वाटेने निघतात आणि एकाच कवचात बंद होतात. थोड्या आठवड्यांत ठेका बसला की हे प्रकार कमी होतात. अशा अंड्यातून पिल्लू सहसा निघत नाही, पण खायला ते इतर अंड्यांसारखंच.

“तुम्ही खाल्लंय, मामी?” मेहुण्याच्या थोरल्याने विचारलं.

“शिकवायला खावं लागत नाही,” मामी म्हणाल्या.

“पण मामी, एक लाख कोटींत एक!” मी शेवटची धडपड केली.

“कशावरून?” मामींच्या आवाजात आता वर्गातली धार आली. “एका फार्मवर सगळ्या कोंबड्या एका वयाच्या. सगळ्या एकदमच अंडी द्यायला लागतात. त्यांची अंडी मुळात लहान, त्यांत दोन बलकांचं तेवढं थोराड. मोठी अंडी वेगळी काढून एका ट्रेमध्ये भरली की ती थोराड सगळी एकत्र आली. पहिलं दोन बलकांचं निघालं तेव्हाच बाकीचीही तशीच असणार, हे कळायला नको? आणि दुसऱ्यांदा तुम्ही म्हाताऱ्या कोंबड्यांची घेतलीत. वय वाढलं की अंडं मोठं होतं, बलक एकच राहतो.” हे शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, असं मला तरी वाटलं.

मग त्या थोडं थांबून म्हणाल्या, “तुम्ही आगीच्या विम्यात होतात ना? एका चाळीतल्या शेजारशेजारच्या चार खोल्यांना आग लागली, तर तुम्ही काय चार वेगवेगळ्या आगी मानून गुणाकार करायचात?”

घरात शांतता पसरली. फक्त भुर्जी चुरचुरत होती. या एका प्रश्नावर माझी सगळी नोकरी उभी होती. शेजारच्या खोलीला आग लागली की आपल्या खोलीची शक्यता बदलते, म्हणून तर आम्ही भिंती मोजायचो, अंतर मोजायचो, जिना लाकडी की दगडी ते विचारायचो. गुणाकार चालतो तो एकमेकींशी संबंध नसलेल्या घटनांचा. एका खुराड्यातल्या, एका वयाच्या, एका ट्रेमध्ये निवडून ठेवलेल्या अंड्यांना मी परकी समजलो, आणि सव्वाशे पृथ्व्या कामाला लावल्या.

“रामानुजनला गणितं स्वप्नात येऊन सांगायची ती नामगिरी देवी आमच्या नामक्कलची,” मामी जाता जाता म्हणाल्या. “पण ती बरोबरची गणितं सांगायची.”

पुढे मी वाचन केलं, अर्थात स्वतःचं सांत्वन करायला. सांत्वन मिळालं. २०१० साली इंग्लंडमधल्या कंब्रिया परगण्यात एका बाईंना एकाच खोक्यात सलग सहा अंडी दोन बलकांची मिळाली, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनीही असेच हजाराचे गुणाकार छापून तोंडात बोट घातलं होतं. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी तेच सांगितलं, जे मामींनी उंबऱ्यावर सांगितलं. तिकडे दोन बलकांची अंडी मुद्दाम वेगळी काढून, खोक्यावर तसं छापून विकतातसुद्धा. म्हणजे माझा एक लाख कोटींतला चमत्कार तिथे दुकानाच्या फळीवर किंमत लावून ठेवलेला असतो. आणि दोन बलक म्हणजे तरी काय मोठंसं? १९७१ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका अंड्यात नऊ बलक निघाल्याची नोंद आहे. त्या अंड्याच्या मालकाने लॉटरीचं तिकीट काढलं की नाही, ते नोंदीत नाही.

हापूसची पेटी लालबागला पोचली. मेहुण्याने चव घेऊन आंबे उत्तम असल्याचं कळवलं आणि वर म्हणाला, “भावोजी, पुढच्या मोसमात जुळ्या आंब्यावर पैज लावू.” मसाला या वर्षी आम्हाला विकत घ्यावा लागला. इमारतीत मात्र काहीच घडलं नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. एवढी वर्षं मी ज्यांच्यापासून लपत होतो ते सगळे जाणून होते, आणि माझी लाज राखायला गप्प होते. कच्छी काकांनी तर नंतर जिन्यात थांबवून गुलाबासाठी ‘ते सेंद्रिय खत’ मिळेल का, म्हणून विचारलं. मी टरफलं कागदाच्या पुडीत बांधून दिली. त्यांनी ती पिशवीत मेथीखाली ठेवली.

तेव्हा वाचकहो, दोन बलकांची हौस असेल तर पत्रिका, लॉटरी आणि टॉर्च यांच्या नादी लागू नका. अंडेवाल्याला विचारा, कोंबडी नवी की जुनी? नवी म्हणाला आणि लहान अंड्यांच्या ढिगात एखादं थोराड दिसलं, तर ते उचला. दोन निघाले तर खा, एक निघाला तरी खा. आणि गुणाकाराची सुरसुरी आलीच, तर पेन्सिल उचलण्याआधी एवढंच विचारून घ्या, की ही सगळी एकाच घरची तर नाहीत?